मोरचूद निळा, झिंक सल्फेट पांढरं

द्राक्षबागायतदाराच्या गोदामात दोन पोती हमखास सापडतात. एकात मोरचुदाचे गडद निळे खडे, दुसऱ्यात झिंक सल्फेटची पांढरी भुकटी. मोरचूद बोर्डो मिश्रणासाठी, केवड्याच्या बंदोबस्ताला. झिंक सल्फेट वेलीतली जस्ताची कमतरता भरून काढायला. रसायनशास्त्राच्या नजरेतून पाहिलं तर दोन्हींची घडण जवळजवळ सारखी आहे. दोन्ही सल्फेट, दोन्हींच्या स्फटिकांत पाणी, आणि तांबं व जस्त हे तर आवर्तसारणीतले शेजारी. एकाचा अणुअंक २९, दुसऱ्याचा ३०. मग एक निळं आणि दुसरं पांढरं का?

आठवीच्या विज्ञानात ‘अणूचे अंतरंग’ शिकताना जे चित्र मनात बसतं, त्यात या प्रश्नाचं उत्तर शोधून सापडत नाही. मधोमध केंद्रक, त्याभोवती के, एल, एम, एन अशी वर्तुळं आणि वर्तुळांवर मोजून मांडलेले ठिपके. तांब्याच्या अणूत एक ठिपका कमी, जस्ताच्या अणूत एक जास्त. एवढ्यावरून रंगाबद्दल काहीच कळत नाही, कारण रंग ज्यावर अवलंबून आहे ती गोष्टच या चित्रात नाही. इलेक्ट्रॉन केंद्रकाभोवती वर्तुळाकार कक्षेत फिरत नाही. तो ‘ऑर्बिटल’मध्ये असतो, आणि कक्षा व ऑर्बिटल यांत नुसता आकाराचा फरक नाही.

हा फरक समजून घ्यायला मांजरीइतकी सोयीची जागा क्वचितच मिळेल. पुण्याहून सोलापूर रस्त्यानं हडपसर ओलांडलं की मांजरी लागते. मांजरी बुद्रुक २०२१ मध्ये पुणे महापालिकेत आलं, इमारतीही वाढल्या. पण महाराष्ट्रातल्या शेतकऱ्यांना हे नाव ठाऊक आहे ते वेगळ्या कारणानं. उसाच्या संशोधनासाठीची वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूट इथे आहे, महाराष्ट्र राज्य द्राक्ष बागायतदार संघाचं कार्यालय इथे आहे आणि १९९७ पासून भारतीय कृषी अनुसंधान परिषदेचं राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्रही इथेच आहे. ‘मांजरी नवीन’, ‘मांजरी मेडिका’ या द्राक्षवाणांच्या नावांत गावाचं नाव आलं ते या केंद्रामुळे.

द्राक्षशेतीत देठ परीक्षण हा रोजच्या बोलण्यातला शब्द आहे. वेलीला काय कमी पडतंय, काय जास्त झालंय हे पाहायला पानाचं पातं बाजूला काढून फक्त देठ प्रयोगशाळेत पाठवतात. तिथे ते धुतात, ओव्हनमध्ये वाळवतात, दळतात आणि आम्लात विरघळवतात. त्या द्रावणातलं पालाश, सोडियम, जस्त, लोह, मँगनीज, तांबं मोजायच्या ज्या नेहमीच्या पद्धती आहेत, त्यांत द्रावणाचा बारीक फवारा ज्योतीत सोडतात आणि अणूंनी सोडलेला किंवा गिळलेला प्रकाश मोजतात. अहवालावर आकडा येतो पालाशचा किंवा जस्ताचा. मोजलेली असते इलेक्ट्रॉनची उडी. ही उडी कक्षेतून कक्षेत आहे की ऑर्बिटलमधून ऑर्बिटलमध्ये, हा प्रश्न म्हणूनच पुस्तकी राहत नाही.

आधी कक्षांची बाजू ऐकून घ्यायला हवी, कारण तीही लेचीपेची नव्हती. १९११ मध्ये अर्नेस्ट रदरफर्ड यांनी अणूच्या मध्यभागी सूक्ष्म, जड आणि धनभारित केंद्रक असल्याचं दाखवलं. इलेक्ट्रॉन त्याच्याभोवती ग्रहांसारखे फिरत असावेत, हा विचार मग ओघानंच आला. अडचण अशी, की वळणावर फिरणारा विद्युतभार सतत प्रकाश फेकत ऊर्जा गमावतो. हा नियम लावला तर इलेक्ट्रॉन सेकंदाच्या दहा अब्जाव्या भागाच्या आतच केंद्रकात कोसळायला हवा. तसं होत असतं तर कुठलाच अणू टिकला नसता.

१९१३ मध्ये नील्स बोर यांनी हा पेच धाडसानं सोडवला. ठरावीक कक्षांतच इलेक्ट्रॉन राहू शकतो आणि तिथे असताना तो ऊर्जा गमावत नाही, असं त्यांनी गृहीतच धरलं. एका कक्षेतून दुसरीत उडी मारताना मात्र ऊर्जेतल्या फरकाइतका प्रकाश तो सोडतो किंवा घेतो. हायड्रोजनच्या प्रकाशातल्या रंगरेषांचं गणिती सूत्र योहान बाल्मर यांनी १८८५ मध्येच शोधलं होतं. ते तसं का, हे कुणालाच ठाऊक नव्हतं. बोर यांच्या कक्षांतून ते सूत्र आपसूक बाहेर पडलं. हायड्रोजनची लाल रेषा ६५६ नॅनोमीटरवर का, याला पहिल्यांदाच कारण मिळालं. सर्वांत आतल्या कक्षेची त्रिज्या आली ०.०५३ नॅनोमीटर.

पण हायड्रोजनकडे एकच इलेक्ट्रॉन असतो. दुसरा आला आणि गाडी अडली. १८६८ च्या खग्रास सूर्यग्रहणात ज्याची पिवळी रेषा प्रथम नजरेत भरली, त्या हेलियमची ऊर्जासुद्धा बोर यांच्या पद्धतीनं नीट निघेना. आर्नोल्ड सोमरफेल्ड यांनी १९१६ मध्ये वर्तुळांच्या जोडीला लंबवर्तुळं आणली. त्यानं काही रेषांची उकल झाली, तरी हेलियम काही वठणीवर आला नाही. कक्षेचा आकार बदलून भागणार नव्हतं. चूक होती ती इलेक्ट्रॉनला ठरावीक वाट असते या समजुतीतच.

ही समजूत १९२४ ते १९२७ या चार वर्षांत मोडीत निघाली. इलेक्ट्रॉनला तरंगाचे गुणधर्म असावेत, असं लुई द ब्रॉयली यांनी १९२४ मध्ये मांडलं. एर्विन श्रोडिंगर यांनी १९२६ मध्ये या तरंगाचं समीकरण लिहिलं आणि त्याच वर्षी माक्स बोर्न यांनी त्याचा अर्थ सांगितला: तरंगाच्या तीव्रतेवरून इलेक्ट्रॉन कुठे सापडण्याची शक्यता किती, हे कळतं. इलेक्ट्रॉनचं नेमकं ठिकाण आणि नेमका संवेग ही दोन्ही एकाच वेळी ठरलेली नसतात, हे वेर्नर हायझेनबर्ग यांनी १९२७ मध्ये दाखवलं. वाट म्हणजे तरी काय? प्रत्येक क्षणी इथे आहे आणि पुढच्या क्षणी तिथे जाणार आहे, एवढं ठरलेलं असणं. अणूच्या आत तेच ठरलेलं नसतं.

श्रोडिंगर यांचं समीकरण अणूसाठी सोडवलं की जी उत्तरं मिळतात, ती ऑर्बिटल. हायड्रोजनचं सर्वांत कमी ऊर्जेचं ऑर्बिटल, १-एस, उदाहरण म्हणून घेऊ. बोर यांच्या चित्रात इलेक्ट्रॉन केंद्रकापासून बरोबर ०.०५३ नॅनोमीटरवर असतो. रेसभर आत नाही, रेसभर बाहेर नाही. ऑर्बिटलच्या हिशेबात हेच अंतर सर्वांत संभाव्य ठरतं, ही बोर यांच्या बाजूची गोष्ट. पण त्या अंतराच्या आत इलेक्ट्रॉन सापडण्याची शक्यता सुमारे ३२ टक्के आणि बाहेर सापडण्याची ६८ टक्के असते. ९० टक्के शक्यता सामावून घ्यायची, तर सुमारे ०.१४ नॅनोमीटर त्रिज्येचा गोल काढावा लागतो आणि त्याच्या बाहेरही शक्यता शून्य होत नाही. आणखी एक गोष्ट म्हणजे, या १-एस मधल्या इलेक्ट्रॉनला केंद्रकाभोवतीचा कोनीय संवेग अजिबात नसतो. म्हणजे तो केंद्रकाभोवती फिरत असतो असंसुद्धा म्हणता येत नाही.

वाटच नाही, तर मग ऊर्जा ठरावीक कशी? इथे तबला मदतीला येतो. तबल्याची पुडी कशीही थरथरत नाही. तिचे कंपनाचे ठरावीक प्रकार असतात आणि प्रत्येक प्रकाराचा आपला स्वर असतो. चंद्रशेखर व्यंकट रामन यांनी भारतीय तालवाद्यांच्या अभ्यासात पुडीवर बारीक वाळू भुरभुरून हे प्रकार डोळ्यांना दिसतील असे केले होते. थरथरणाऱ्या भागावरची वाळू उडते आणि पुडीच्या स्थिर राहणाऱ्या रेषांवर गोळा होते. ऑर्बिटलही असेच बांधलेल्या तरंगाचे प्रकार आहेत, फक्त लांबी, रुंदी आणि उंची अशा तिन्ही दिशांतले. प्रत्येक प्रकाराची ऊर्जा पक्की असते आणि त्यातही असे पृष्ठभाग असतात, जिथे इलेक्ट्रॉन सापडण्याची शक्यता शून्य असते.

या प्रकारांची नावं एस, पी, डी आणि एफ. एस गोल असतं. पी मध्ये केंद्रकाच्या दोन बाजूंना दोन फुगवटे येतात, मधल्या प्रतलावर इलेक्ट्रॉन कधीच सापडत नाही. मग तो या फुगवट्यातून त्या फुगवट्यात जातो कसा, असा प्रश्न विद्यार्थ्यांना हटकून पडतो. प्रश्न रास्त आहे, पण त्यात ‘जातो’ हा शब्द कक्षांच्या चित्रातून उचललेला आहे. इलेक्ट्रॉन दोन्ही फुगवटे मिळून बनलेल्या एकाच अवस्थेत असतो. ये-जा होतच नाही. डी चे आकार आणखी गुंतागुंतीचे, बहुतेकांना चार फुगवटे. एका कवचात एस एक, पी तीन, डी पाच आणि एफ सात असू शकतात, आणि वुल्फगांग पाउली यांनी १९२५ मध्ये मांडलेल्या नियमाप्रमाणे प्रत्येकात फार तर दोनच इलेक्ट्रॉन मावतात. शाळेत पाठ केलेले २, ८, १८ हे आकडे इथूनच येतात. पहिल्या कवचात एक एस, म्हणून २. दुसऱ्यात एक एस आणि तीन पी, म्हणून ८. तिसऱ्यात पाच डी ची भर पडते आणि १८ होतात.

आता पुन्हा प्रयोगशाळेतल्या ज्योतीकडे. वरण उतू जाऊन गॅसवर सांडलं की निळी ज्योत क्षणात पिवळी होते, ती मिठातल्या सोडियममुळे. तोच पिवळा प्रकाश फ्लेम फोटोमीटर मोजतो. खारं पाणी आणि चोपण जमिनी यांच्याशी झगडणाऱ्या बागांत देठातलं सोडियम किती, हे बघावंच लागतं. सोडियमच्या अणूत ११ इलेक्ट्रॉन असतात: २, ८ आणि बाहेर १. ज्योतीच्या उष्णतेनं हा बाहेरचा एकटा इलेक्ट्रॉन ३-एस मधून ३-पी मध्ये चढतो आणि परतताना ५८९ नॅनोमीटरचा पिवळा प्रकाश सोडतो.

गंमत अशी, की ३-एस आणि ३-पी दोन्ही तिसऱ्याच कवचातली. बोर यांच्या वर्तुळांत तिसरं कवच म्हणजे एकच कक्षा आणि एकच ऊर्जा. मग चढायचं कुठे आणि उतरायचं कुठून? नुसत्या वर्तुळांच्या हिशेबानं ही पिवळी रेषा दिसायलाच नको. ती दिसते, कारण ३-एस ऑर्बिटलचा थोडा भाग आतल्या दहा इलेक्ट्रॉनांच्या गर्दीतून थेट केंद्रकाजवळ पोचतो. तिथे केंद्रकाची ओढ जास्त असल्यानं ३-एस ची ऊर्जा खाली येते. ३-पी तेवढं आत शिरत नाही. दोन्हींतला सुमारे २.१ इलेक्ट्रॉन व्होल्टचा फरक आपल्याला पिवळा दिसतो.

पालाशची, म्हणजे पोटॅशियमची, गोष्ट तर वर्तुळांची पार पंचाईत करणारी आहे. अणुअंक १९. तिसऱ्या कवचात १८ मावतात असं पुस्तकच सांगतं. त्या हिशेबानं पोटॅशियमची मांडणी २, ८, ९ व्हायला हवी. पण त्याच पुस्तकात पुढे २, ८, ८, १ असं छापलेलं असतं. तिसऱ्या कवचात दहा जागा रिकाम्या असताना शेवटचा इलेक्ट्रॉन चौथ्यात का? बहुतेक विद्यार्थी हे पाठ करून पुढे जातात.

उत्तर पुन्हा ऑर्बिटलच्या आकारात आहे. रिकाम्या दहा जागा आहेत त्या ३-डी मध्ये, आणि ३-डी केंद्रकापाशी जवळजवळ पोचतच नाही. आतले इलेक्ट्रॉन त्याच्यापुरती केंद्रकाची ओढ बरीचशी झाकून टाकतात. ४-एस बाहेर दूरवर पसरलेलं असलं तरी त्याचा काही अंश खोल आत शिरतो. पोटॅशियमच्या अणूत त्यामुळे ४-एस ची ऊर्जा ३-डी पेक्षा कमी ठरते आणि १९ वा इलेक्ट्रॉन तिथे बसतो. बाहेर एकटा इलेक्ट्रॉन असल्यामुळेच पोटॅशियम सोडियमसारखं वागतं, पाण्यात लगेच एक धनभाराचा आयन होतं आणि त्याच रूपात वेलीच्या मुळांतून वर चढतं. ज्योतीत त्याचा प्रकाश ७६६.५ आणि ७६९.९ नॅनोमीटरवर मिळतो, दृश्य प्रकाशाच्या अगदी लाल टोकाला. यंत्रातला फिल्टर तेवढाच प्रकाश आत घेतो आणि अहवालात पालाशचा आकडा उमटतो.

जस्तासाठी ज्योतीतून सहज दिसेल असा प्रकाश मिळत नाही, म्हणून तिथे उलटी रीत वापरतात. जस्ताच्याच बनवलेल्या दिव्याचा प्रकाश ज्योतीतून पाठवायचा आणि ज्योतीतल्या जस्ताच्या अणूंनी त्यातला किती गिळला ते पाहायचं. ॲटॉमिक ॲब्सॉर्प्शन नावाची ही पद्धत ऑस्ट्रेलियात ॲलन वॉल्श यांनी १९५० च्या दशकात विकसित केली. जस्त २१३.९ नॅनोमीटरचा प्रकाश घेतं, तांबं ३२४.८ चा, लोह २४८.३ चा. देठाच्या एकाच द्रावणात सगळे अणू मिसळलेले असले तरी गल्लत होत नाही, कारण प्रत्येक मूलद्रव्याच्या ऑर्बिटलांमधली ऊर्जेची अंतरं त्याची स्वतःची असतात.

राहिला मोरचूद. मोरचुदात तांबं आयनाच्या रूपात असतं; दोन इलेक्ट्रॉन गेलेले. त्याच्या पाच ३-डी ऑर्बिटलांत दहाऐवजी नऊच इलेक्ट्रॉन उरतात, म्हणजे एक जागा मोकळी. स्फटिकात या आयनाला पाण्याच्या रेणूंनी वेढलेलं असतं. काही डी ऑर्बिटलांचे फुगवटे नेमके शेजाऱ्यांच्या दिशेनं असतात, काहींचे त्यांच्या मधल्या फटींकडे. पाण्याच्या रेणूतली ऑक्सिजनची बाजू ऋणभारित असल्यानं समोरासमोर आलेल्या ऑर्बिटलांची ऊर्जा वाढते आणि फटींकडे वळलेल्यांची तुलनेनं कमी राहते. खालच्या पातळीवरचा इलेक्ट्रॉन वरच्या मोकळ्या जागेत चढताना तांबडा प्रकाश गिळतो आणि डोळ्यांपर्यंत पोचतो उरलेला निळा. स्फटिकातल्या शेजाऱ्यांमुळे ऊर्जेची अशी फाळणी होते, ही कल्पना हान्स बेटे यांनी १९२९ मध्ये मांडली.

जस्ताच्या आयनातल्या डी ऑर्बिटलांत दहाच्या दहा इलेक्ट्रॉन असतात. मोकळी जागाच नाही, तर उडी कुठे मारणार? दृश्य प्रकाश गिळला जात नाही आणि झिंक सल्फेट पांढरं राहतं. वर्तुळाला दिशा नसते. ते शेजाऱ्यांच्या समोर आलं काय किंवा फटीकडे वळलं काय, फरक पडण्याचा प्रश्नच येत नाही. दिशा असते ती ऑर्बिटलला. याचा पडताळा शाळेच्या प्रयोगशाळेतही मिळतो. परीक्षानळीत मोरचुदाचे खडे तापवले की पाणी निघून जातं आणि पांढरी पूड उरते. तांबं तेच, डी ऑर्बिटलंही तीच. फक्त पाण्याचे शेजारी गेले. आता फाळणी एवढी लहान होते, की गिळला जाणारा प्रकाश अवरक्त भागात सरकतो आणि डोळ्यांना रंग दिसत नाही. थंड पुडीवर पाण्याचे दोन थेंब टाकले, की निळा रंग परत येतो.

ऑर्बिटलबद्दलही एक गैरसमज पटकन रुजतो. पुस्तकांत ते फुगे किंवा ढग म्हणून रंगवतात, त्यामुळे अणूत खरोखरच तसे कप्पे असावेत आणि इलेक्ट्रॉन त्यांत भरले जात असावेत, असं वाटू लागतं. ऑर्बिटल ही एका इलेक्ट्रॉनच्या अवस्थेचं वर्णन करणारी गणिती रचना आहे. रंगवलेली कड हा चित्रकारानं ठरवलेला टक्का असतो. अनेक इलेक्ट्रॉन एकत्र असले की ते एकमेकांना सतत दूर ढकलतात आणि एकेकट्या इलेक्ट्रॉनचं ऑर्बिटल हे मग उत्तम अंदाजासारखं उरतं. नेमकेपणा हवा असेल तर सर्व इलेक्ट्रॉनांची मिळून घनता कुठे किती, हे पाहावं लागतं. पुण्यात या क्षेत्रात मोठं काम झालं आहे. पुणे विद्यापीठातले प्रा. श्रीधर गद्रे यांनी रेणूंमधली इलेक्ट्रॉन घनता आणि रेणूंभोवतीचं स्थिरविद्युत विभव यांच्या चढउतारांचा सखोल अभ्यास केला. १९९३ मध्ये त्यांना रसायनशास्त्रासाठीचा शांतिस्वरूप भटनागर पुरस्कार मिळाला. तरंगाच्या या प्रकारांना प्रयोगाचीही साक्ष आहे. नेदरलँड्समधल्या एका गटानं २०१३ मध्ये विद्युतक्षेत्रात ठेवलेल्या उत्तेजित हायड्रोजन अणूंतून सुटणारे इलेक्ट्रॉन पडद्यावर टिपले, तेव्हा शक्यता शून्य असलेल्या जागा गडद वलयांच्या रूपात दिसल्या.

मग आठवीच्या पुस्तकातली वर्तुळं खोडून टाकायची का? तशी गरज नाही. कोणत्या पातळीवर किती इलेक्ट्रॉन, बाहेर किती उरले आणि त्यावरून संयुजा किती, एवढा हिशेब ती नीट सांभाळतात. कॅल्शियमपर्यंत, म्हणजे २० व्या मूलद्रव्यापर्यंत, बाकी आकडे पाठ करून निभावतं. स्कँडियमपासून ३-डी भरायला सुरुवात होते आणि तिथून पुढे लोह, मँगनीज, तांबं, जस्त ही बागायतदाराच्या रोजच्या वापरातली मंडळी वर्तुळांच्या हिशेबाबाहेर जातात. वर्तुळं ही इलेक्ट्रॉनची जमाखर्चाची वही आहे, त्याच्या हालचालीचा नकाशा नव्हे, एवढं शिक्षकानं धडा शिकवतानाच सांगितलं तरी अकरावीत ऑर्बिटल समोर आल्यावर विद्यार्थी गोंधळणार नाही.

ऑर्बिटलांमुळे येणाऱ्या रंगाचं आणखी एक उदाहरण मांजरीच्याच बागेत पिकतं. ‘मांजरी मेडिका’ हा वाण केंद्रानं खास रसासाठी तयार केला. पुसा नवरंग आणि फ्लेम सीडलेस यांच्या संकरातून. त्याचा रस गडद लाल असतो तो अँथोसायनिनमुळे, आणि अँथोसायनिनच्या रेणूत एकही धातू नाही. तिथे कार्बनच्या शेजारशेजारच्या अणूंची पी ऑर्बिटलं एकमेकांत मिसळतात आणि इलेक्ट्रॉन एका अणूपुरता न राहता रेणूच्या वलयांवर पसरतो. पसारा जितका मोठा, तितकी ऊर्जेच्या पातळ्यांमधली अंतरं लहान. ती इतकी लहान होतात, की रेणू हिरवा प्रकाश गिळतो आणि रस लाल दिसतो. त्यात चिमूटभर खायचा सोडा टाकला तर आम्लता घटते, रेणूवरचा एखादा हायड्रोजन सुटतो, इलेक्ट्रॉनांचा पसारा बदलतो आणि लाल रस जांभळा-निळसर होऊ लागतो.